तक्त्यात बाई कुठे आहे?

पुनावळ्याचा कचरा डेपो रद्द केल्याची घोषणा उद्योगमंत्री उदय सामंत यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात केली. त्या दिवशी चिंचवडला आमच्या कार्यालयात पेढे आले. मीही खाल्ला. का खाऊ नये? पुनावळे, ताथवडे, वाकड भागातल्या सोसायट्यांमधल्या कितीतरी बायका त्या आंदोलनात होत्या. एरवी मोर्चा म्हटलं की नाक मुरडणाऱ्या घरांतल्या बायका पोरांना कडेवर घेऊन, हातात फलक धरून रस्त्यावर आल्या होत्या. डेपोसाठी ठरवलेली जमीन वनखात्याची, सुमारे २२ हेक्टर. तिच्यावर झाडी आणि भोवताली माणसांनी भरलेल्या उंच इमारती. डेपोचा बेत आधीचा, बऱ्याचशा इमारती नंतरच्या. घर घेताना हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, असं त्या म्हणत होत्या. त्यांचा राग खरा होता.

त्याच आठवड्यात मोशीच्या बाजूला कचरा वेचणाऱ्या बायकांच्या गटाची बैठक होती. मी मोठ्या उत्साहाने बातमी सांगितली. गटातल्या सगळ्यांत वडील मावशी तंबाखू मळता मळता म्हणाल्या, "बरं झालं की. पण ताई, त्यो कचरा आता जायचा कुठं?"

मी गप्प बसले. मग त्याच म्हणाल्या, "हितंच येनार. दुसरीकडं कुठं जातोय!"

मैत्रिणींनो, हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला मी उशिरा दिलेलं उत्तर आहे. त्या दिवशी पेढ्याची चव तोंडात असताना मला ते सुचलं नाही.

"तिथे आहेच की!"

पिंपरी-चिंचवडचा कचरा मोशीच्या ८१ एकरांत १९९१ पासून जातो आहे. आता दुसरं एक साल लक्षात घ्या. मोशी महापालिकेच्या हद्दीत आली १९९७ साली. म्हणजे शहराने आधी आपला कचरा हद्दीबाहेरच्या गावात नेऊन टाकला आणि मग ते गावच हद्दीत घेतलं. बाहेर होतं तोवर गावाला निदान ग्रामसभा होती. हद्दीत आल्यावर तीही गेली.

पुढे कचऱ्याचे डोंगर झाले. एप्रिल २०२२ मध्ये डेपोला आग लागली आणि धुराने आसपासच्या माणसांचा जीव घुसमटला. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथेच कचरा जाळून वीज करणाऱ्या १४ मेगावॉटच्या प्रकल्पाचं पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. रोजचा ७०० टन कचरा जाळण्याची त्याची क्षमता. जिथे साठवलं तिथेच जाळायचं. दर वेळी उत्तर एकच मिळतं: जमीन ताब्यात आहे, रस्ता आहे, गाड्यांना सवय आहे, डेपो तिथे आहेच की!

हा 'आहेच की' आपल्या बायकांच्या चांगला ओळखीचा आहे. सासूबाईंचं पथ्य कोण बघणार? ती आहेच की घरी. पाहुण्यांचं कोण करणार? ती आहेच. जिच्या अंगावर आधीच काम आहे तिच्याच अंगावर आणखी पडतं, आणि वर तिला त्याची सवय आहे असंही म्हणतात. जागांच्या बाबतीत अगदी हेच चालतं. एकदा ज्या गावावर घाण पडली ते गाव पुढच्या प्रत्येक घाणीसाठी 'योग्य जागा' ठरतं. पुनावळं सुटलं याचा मला आनंद आहे. पण सुटणारं गाव आणि अडकणारं गाव यांची कुणी समोरासमोर तुलना केली का? की ज्याचा आवाज मोठा ते सुटलं, एवढंच झालं?

न दिसणारा कचरा

हा झाला घराघरांतला कचरा. तो निदान दिसतो, त्याला वास येतो. कंपन्यांचा कचरा आपल्याला दिसतही नाही.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ नंतर एमआयडीसी आली, आणि हा पट्टा भोसरी, तळवडे करत चाकणच्या पुढे गेला. गाड्या, सुटे भाग, प्लेटिंग, रंगकाम, फाउंड्री. गाडी चकचकीत होऊन शोरूमला जाते. मागे उरतो रंगाचा गाळ, प्लेटिंगच्या टाक्यांमधला क्रोमियम आणि निकेलचा गाळ, वापरून काळं झालेलं तेल, तेलकट चिंध्या, रसायनांची रिकामी पिंपं. कायद्याने हा 'घातक कचरा'. तो घंटागाडीत टाकायचा नसतो. सामाईक सुविधेत न्यायचा, तिथे काही भट्टीत जाळायचा, काही तळाला अस्तर घातलेल्या खड्ड्यात कायमचा पुरायचा. महाराष्ट्रात तळोजा, ठाणे-बेलापूर पट्टा, बुटीबोरी आणि रांजणगाव इथे अशा सुविधा आहेत. आपल्या जिल्ह्याची रांजणगावची, शिरूर तालुक्यातली. त्या भागातल्या निमगाव भोगीसारख्या गावांतून पाणी खराब झाल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या आहेत.

चाकणच्या कंपनीत ठेकेदाराकडे लागलेली पोरगी दिवसभर ज्या कापडाने मशीनचे भाग पुसते, ते कापड शेवटी कुणाच्या विहिरीशेजारी जाणार हे तिला ठाऊक नसतं. शिरूरच्या बाईला हे कापड कुणाच्या हातचं हे ठाऊक नसतं. दोघींची गाठ पडू नये अशीच सगळी रचना आहे.

आणि जे सामाईक सुविधेत पोचतच नाही त्याचं काय? मी ज्या वस्त्यांत काम करते तिथल्या बायका पिंपं धुतात, ती पाणी साठवायला विकली जातात. वायर जाळून तांबं काढतात. चिखली-कुदळवाडीच्या भंगार गोदामांत अशा शेकडो हातांना काम होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथली हजारो बांधकामं पाडली गेली. त्या गोदामांत धूर होता, आग लागायची, हे सगळं खरं. मी त्यांची तरफदारी करत नाही. पण माझ्या ओळखीच्या तीन बायका आता तेच काम शहराबाहेर, उघड्यावर, पहिल्यापेक्षा कमी मजुरीत करतात. काम संपलं नाही, फक्त आपल्या नजरेआड गेलं. त्यांच्यासाठी 'पर्यायी जागा' हा शब्द त्यांनी कधी ऐकलेलाच नाही.

लग्न ठरल्यावर पसंती

काही वर्षांपूर्वी औद्योगिक कचऱ्याच्या एका प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश माझ्या हाती आला. प्रकल्पाचं नाव मी घेत नाही. एकाला झोडपून बाकीच्यांना मोकळं सोडायचं नाही मला.

२००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत अशा अहवालाचा साचा दिलेला आहे. त्यातलं पाचवं प्रकरण 'पर्यायांचं विश्लेषण'. तंत्रज्ञानाचे पर्याय, जागांचे पर्याय, प्रत्येकाचे दुष्परिणाम, ते कमी करण्याचे उपाय आणि मग निवड. वाचायला किती छान! पण हे कधी करायचं? तर सुरुवातीच्या छाननीत पर्याय तपासायची गरज ठरली तर. आणि केलं तर कसं करतात? माझ्या हातातल्या सारांशात हे प्रकरण अर्ध्या पानाचं होतं. तीन जागा, तीन रांगा. पहिलीला रस्ता अपुरा. दुसरीला पाणी जवळ. तिसरी 'सर्व दृष्टींनी योग्य'. आणि तिसरी जागा अहवाल लिहायच्या आधीच ताब्यात घेतलेली!

लग्न ठरवून, हॉल बुक करून झाल्यावर मुलीला विचारतात ना, 'तुझी पसंती आहे ना गं?', त्यातलाच हा प्रकार. त्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तरच नसतं.

तज्ज्ञांचे निकष टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. घातक कचरा पुरायच्या जागेसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष आहेत: वस्तीपासून ५०० मीटर, पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून ५०० मीटर, नदीपासून १०० मीटर, तलावापासून २०० मीटर. हे पाळायलाच हवेत. पण तक्ता तिथे संपतो. त्यात जमिनीचा उतार आहे, वाऱ्याची दिशा आहे, हमरस्त्याचं अंतर आहे. बाई कुठे आहे? मी शोधली. 'लोकसंख्या' या रकान्यात पुरुषांच्या आकड्याशेजारी तिचा आकडा होता. बास.

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई आहे, भूगर्भशास्त्र शिकलेले नाही. तरी त्या तक्त्यात कोणते रकाने नाहीत ते मला दिसतात, कारण ते रकाने मी रोज वस्तीत बघते.

पहिला रकाना पाण्याचा. अहवालासाठी माहिती गोळा करतात ती साधारण एका हंगामाची, आणि तोही पावसाळा सोडून. आता सांगा, कचऱ्यातून झिरपून काळं पाणी कधी वाहतं? पावसाळ्यात! विहिरींना ते कधी मिळतं? पावसाळ्यात! आपल्याकडचा दगड काळा बेसाल्ट. पाणी त्याच्या भेगांतून, सांध्यांतून कुठून कसं फिरेल हे नुसतं मीटरपट्टीने सांगता येत नाही. ५०० मीटरच्या आतली विहीर सुटेल आणि लांबची बाधेल, असंही होऊ शकतं. पावसाळ्यात कोणत्या विहिरीचं पाणी कसं बदलतं हे गावात सगळ्यांत आधी पाणी भरणाऱ्या बाईला कळतं. डाळ शिजत नाही, कपड्यांना साबण लागत नाही, हंड्याला कड येते, हे ती सांगू शकते. पण एका तरी अहवालात तिची साक्ष 'माहिती' म्हणून घेतली आहे का?

दुसरा रकाना 'पडीक' जमिनीचा. तक्त्यात गायरान, माळ, रान यांना पडीक म्हटलं की गुण वाढतात. पुनर्वसन नाही, मोबदला नाही, कटकट नाही! पण त्या पडीकावर कुणाची तरी शेळी चरते, कुणाची तरी चूल त्यावरच्या काटक्यांवर पेटते. सातबारावर या बायकांचं नाव नसतं, त्यामुळे त्यांचं नुकसानही कुठे लिहिलं जात नाही. कागदावर जी जमीन कुणाचीच नाही ती बहुतेक वेळा बायकांची असते.

तिसरा रकाना आधीच्या भाराचा. तीन जागांपैकी कोणती गावं आधीच काही सोसत आहेत? खाणी, भट्ट्या, डेपो, नाल्यातलं सांडपाणी? ज्याने आधी सोसलं त्याचे गुण कमी व्हायला हवेत. प्रत्यक्षात ते वाढतात, कारण तिथे 'पायाभूत सोय उपलब्ध' असते. मोशीचा 'आहेच की' तो हाच.

चौथा रकाना हातांचा आणि अंगाचा. कचरा कोण हाताळणार, कुठल्या हातमोज्यांनी, कुठल्या मजुरीत? क्लोरीन असलेलं प्लॅस्टिक नीट जळलं नाही तर डायॉक्सिन तयार होतं. ते शरीरातल्या चरबीत साठून राहतं आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधातून बाळाकडे जातं. भट्टीची चिमणी किती मीटर उंच हे अहवालात असतं. त्या चिमणीच्या दहा किलोमीटरांत किती बायका बाळंत होणार आहेत, हे नसतं.

कमी विरोधाची जागा

कुणी म्हणेल, बाई फार संशय घेतात. जागा शास्त्रानेच निवडतात.

मग ही गोष्ट ऐका. १९८४ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या कचरा मंडळासाठी सेरेल असोसिएट्स नावाच्या सल्लागार कंपनीने एक अहवाल केला. विषय होता, कचरा जाळून वीज करणारे प्रकल्प कुठे उभारले तर राजकीय अडचण कमी येईल. कमी उत्पन्नाच्या, कमी शिकलेल्या, वयस्क माणसांच्या वस्त्या विरोध कमी करतात, मध्यम आणि वरच्या वर्गाच्या वस्त्या टाळाव्यात, असा त्याचा सूर होता. सगळीकडे मनात असतं ते तिथे कागदावर उतरलं, एवढाच फरक. पुढे लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात मेक्सिकन वंशाच्या आयांची 'मदर्स ऑफ ईस्ट लॉस एंजेलिस' ही संघटना उभी राहिली. शेजारच्या व्हर्नन गावातल्या घातक कचऱ्याच्या भट्टीविरुद्ध या बायका वर्षानुवर्षं लढल्या, आणि १९९१ साली तो प्रकल्प मागे घ्यावा लागला. हो, १९९१. आपल्याकडे मोशीत पहिला ढीग पडला तेच साल.

आपल्याकडे विरोध कमी कुठे होतो? जिथे जनसुनावणीचा मंडप कामाच्या दिवशी, सकाळी अकराला लागतो आणि बायका रोजंदारीवर असतात तिथे. कायद्याने ३० दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. वर्तमानपत्र घरात येतं का, आलं तर कोण वाचतं? मी गेले होते त्या एका सुनावणीत मोजून अकरा बायका होत्या. त्यांतल्या चार पोलीस. एका आजींनी माइक हातात घेतला तर मागून आवाज आला, "आजी, थोडक्यात." त्यांच्या आधीचे पुढारी पाऊण तास बोलले होते! आणि प्रकल्प औद्योगिक वसाहतीच्या हद्दीत असेल तर जनसुनावणीतून सूट मिळायची वाटही त्याच अधिसूचनेत आहे. मग मंडप नाही, आजी नाहीत आणि माइकही नाही.

मग कचरा टाकायचा कुठे?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि तो टाळायचा नाही. रात्रीच्या अंधारात टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रसायनापेक्षा अस्तर घातलेला, मोजमाप ठेवलेला खड्डा केव्हाही बरा. सुविधा लागणार. कारखाने हवेत, त्यांतला रोजगार हवा, आणि त्यांचा कचरा मात्र दिसायला नको, असं म्हणणं लबाडीचं आहे. त्या लबाडीत आपणही आहोत. आपल्या दारातली गाडी याच पट्ट्यात बनलेली असते.

पण तुलना कुठून सुरू करायची? घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतच क्रम दिला आहे: कचरा होऊ न देणं, कमी करणं, पुन्हा वापरणं, त्यातून काही मिळवणं आणि सगळ्यांत शेवटी विल्हेवाट. जागांचा तक्ता या क्रमाच्या शेवटच्या पायरीवर सुरू होतो. त्यात आणखी एक रांग पहिली हवी: 'कचरा कमी केला तर ही जागा लागते का?' प्लेटिंगमध्ये विषारी क्रोमियमऐवजी दुसरं काही वापरता येईल का, रंगाचा गाळ कमी करता येईल का, हे प्रश्न कंपनीच्या आत सुटतात. ते आत सोडवायला खर्च येतो. बाहेर गावावर ढकललं की तो खर्च दिसत नाही, कारण तो हंडा घेऊन लांबच्या विहिरीवर जाणाऱ्या बाईच्या पायांतून वसूल होतो.

आणि आता थोडं आपल्याबद्दल. पुनावळ्याच्या मैत्रिणींना मी नावं ठेवत नाही. पण 'आमच्याकडे नको' एवढंच म्हणून थांबलो तर आपण आपल्या घरातला केर शेजारणीच्या अंगणात लोटतो. शेजारीण गरीब असेल तर ती भांडायलाही येत नाही. पेढे खाताना मी हेच केलं. पुनावळ्याची बाई, मोशीची बाई आणि निमगाव भोगीची बाई एका खोलीत बसून एकाच तक्त्यावर बोलल्या असत्या तर? तो तक्ता बदलला असता. म्हणूनच त्यांना एका खोलीत बसवत नाहीत. ते काम आपलं आहे.

आपल्या मागण्या फार नाहीत. जागांची तुलना जमीन ताब्यात घ्यायच्या आधी व्हावी, आणि तक्त्यातल्या सगळ्या जागांच्या गावांत ती पूर्ण, मराठीत लागावी. निवडलेल्या एकाच गावात नव्हे. पावसाळ्याची माहिती घेतल्याशिवाय कुठलीही जागा 'योग्य' ठरू नये. आधीचा भार सोसणाऱ्या गावाला त्या भाराचं माप मिळावं. कचऱ्यात काम करणाऱ्या बायकांना 'बाधित' म्हणून मोजावं. आणि सुनावणीआधी बायकांची वेगळी बैठक, त्यांच्या सवडीच्या वेळी व्हावी. खेडेगावात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद महाराष्ट्रात आहेच. मग एवढ्या मोठ्या निर्णयाआधी ती का नको? शहरात आलेल्या गावांनी ती का गमवावी?

हे होईल तेव्हा होईल. तोवर आजच करता येईल असं एक काम सांगते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००३ मध्ये घातक कचऱ्याच्या खटल्यात आदेश दिला. त्यानुसार कारखान्यांनी आपण कोणती घातक रसायनं वापरतो, किती आणि कोणता घातक कचरा करतो, याचा फलक गेटबाहेर लावायचा आहे. आपण त्या गेटवरून रोज जातो. कुणी कामाला जातं, कुणी डबा द्यायला. पुढच्या वेळी थांबा आणि फलक वाचा. लावलेला आहे का, आकडे अलीकडचे आहेत का, मराठीत आहेत का, ते वहीत उतरवून घ्या. चिंचवड-भोसरीच्या आमच्या गटाने ते सुरू केलं आहे.

पहिल्या दिवशी आमच्यासोबत मोशीच्या त्या मावशी आल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. मी वाचत गेले, त्या ऐकत गेल्या. फलक संपल्यावर त्यांनी विचारलं, "एवढं सगळं लिवलंय. कुठं टाकत्यात ते कुठं लिवलंय?"

ते लिहिलेलं नव्हतं. वहीत तेवढी जागा आम्ही रिकामी ठेवली आहे.